पावनखिंडीची वाट: मोठ्या मोहिमेतून की लहान गटातून?

पन्हाळा ते पावनखिंड चालायचं हे एकदा पक्कं झालं की इंदूरकरासमोर दुसरा प्रश्न उभा राहतो. दीड-दोनशे जणांच्या मोहिमेत नाव द्यायचं, की दहा-बारा जण जमवून स्थानिक वाटाड्या घ्यायचा? वाट तीच, चिखल तोच आणि अंतरही तेच, सुमारे ५० किमी. तरी दोन्हींतला अनुभव फार वेगळा आहे.

आधी तारखेचं बघू. शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ती १२ जुलै १६६० ही जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेतली तारीख आहे. आजच्या गणनेने तो दिवस २२ जुलैला येतो. पण महाराज राजदिंडी या गडाच्या वाटेने बाहेर पडले ती रात्र आषाढ पौर्णिमेची होती, त्यामुळे तिथी धरणं मला जास्त योग्य वाटतं. मोठ्या मोहिमांना शनिवार-रविवार गाठावा लागतो. लहान गट नेमकी गुरुपौर्णिमा साधू शकतो. इंदूरहून रात्रीच्या गाडीने पुणे, तिथून कोल्हापूर, मग पन्हाळा असं जाऊन-येऊन चार-पाच दिवसांची रजा मोडणारच आहे, मग ती तिथीलाच का मोडू नये?

सोय मात्र मोठ्या मोहिमेतच जास्त, हे कबूल करायला हवं. जेवण, मुक्काम, परतीची बस यांची चिंता नसते. एकट्याने किंवा पहिल्यांदाच जाणाऱ्याला हाच मार्ग सुचवावा लागेल. मोठ्या सॅक टेम्पोने मुक्कामी पोचवतात. फक्त पावसात टेम्पो वाडीपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून कोरडे कपडे, मोज्यांचे दोन जोड आणि विजेरी पाठीवरच्या छोट्या पिशवीत, जाड प्लॅस्टिकच्या थैलीत बांधून ठेवा. रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतं. लहान गटाला हे सगळं आधी जुळवावं लागतं. करपेवाडी किंवा आंबेवाडीत ज्या घरी उतरणार त्यांना माणसांचा नेमका आकडा दोन दिवस आधी कळवायचा, कारण ऐनवेळी दहा जणांच्या भाकऱ्या होत नाहीत. पावनखिंडीहून परतीची जीपही निघण्यापूर्वीच ठरवायची, तिथे मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला ती सांगतो. दीडशे माणसं एका पायवाटेवर आली की रांग लांबच लांब पसरते. पुढची फळी मसाई पठारावर बसून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्याची हकिगत ऐकते: मार्चपासून पडलेला वेढा, शिवा काशिदांनी घेतलेलं महाराजांचं रूप, सोबत निघालेले सुमारे ६०० मावळे. पिछाडी तिथे धापा टाकत पोचते तेव्हा सांगणारा बाटलीचं झाकण लावून उठलेला असतो. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. जिच्यासाठी इतक्या लांबून आलो ती गोष्ट कानावर पडतच नाही. याला आयोजकांची हयगय म्हणता येणार नाही, गर्दीचं गणितच तसं आहे. एका ओढ्यावर माणशी वीस सेकंद धरा, दीडशे जणांना पन्नास मिनिटं लागतात. तेवढा वेळ भिजलेल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की पोटऱ्या आखडतात, आणि पुढचा चढ नको होतो.

लहान गटात वाटाड्या हाताच्या अंतरावर असतो. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी ही नावं तो चालता चालता सांगतो आणि आपण मधेच अडवून विचारू शकतो. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंनी ३०० जणांनिशी वाट का अडवली, हे ती अरुंद जागा शांतपणे पाहिल्यावरच उमगतं. तिथे दाटीवाटीत उभं राहून ते समजेल असं मला वाटत नाही.

तयारी दोन्हीकडे सारखीच. महिनाभर दर रविवारी रालामंडळची टेकडी पाच-सहा किलोचं ओझं घेऊन दोनदा चढा-उतरा. उतार टाळू नका, गुडघे उतारावरच बोलतात. बरीच वर्षं पडून राहिलेले बूट नेऊ नका, पावसात त्यांचा तळ सुटून येतो. बोटांच्या बेचक्यांत सकाळी व्हॅसलीन चोळलं की कातडी भिजून सोलत नाही. छत्री पठारावर उलटी होते आणि पोंचो वाऱ्याने फडफडून पायांत येतो, म्हणून कमरेपर्यंतचा रेनकोट आणि हातात काठी बरी.

वाटाड्याशी बोलताना त्याला एक जरूर विचारा: ओढे चढले तर तो गटाला कुठे थांबवतो, आणि तिथून डांबरी रस्ता किती लांब आहे. याचं उत्तर त्याने वाडीच्या नावासकट लगेच दिलं, तर त्याच्याबरोबर खुशाल निघा.