मंजुरीपत्रात डिझेलचा नंबर चुकला होता

आत कोणता धोकादायक माल आहे ते कळावं म्हणून टँकरवर नंबर लिहिलेला असतो: पेट्रोलच्या टँकरवर १२०३, डिझेलच्या टँकरवर १२०२. मनमाडजवळच्या पानेवाडीतून गाडी भरून निघणाऱ्या ड्रायव्हरला झोपेतून उठवून विचारलं तरी हे नंबर तो सांगेल. अशाच ड्रायव्हरांचे सुरक्षा-वर्ग घेणाऱ्या नाशिकमधल्या अंबडच्या एका प्रशिक्षकाला ‘अनुदान मंजुरीपत्र’ आलं. सोबतच्या पुस्तिकेत डिझेलसमोर १९९३ छापलेलं होतं. त्यांना ते खटकलं, पण छपाईची चूक म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांचे १,२१,२२० रुपये गेले.

ती छपाईची चूक नव्हती. अमेरिकेत डिझेलच्या टँकरवर सर्रास १९९३ दिसतो. तो तिकडच्या यादीतला नंबर आहे. पुस्तिकेत दोन ठिकाणी ‘४९ सीएफआर’ असंही होतं, म्हणजे अमेरिकेची संघराज्य नियमावली. आपल्याकडचं असतं तर तिथे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम ९ किंवा नियम १२९ ते १३७ यांचा उल्लेख असता. भामट्यांनी अमेरिकी कागद उचलला, त्यावर अशोकस्तंभ चिकटवला आणि मराठी भाषांतर जोडून दिलं.

मूळ अनुदान खोटं नाही, म्हणूनच लोक फसतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याखालचं पाइपलाइन व धोकादायक माल सुरक्षा प्रशासन प्रशिक्षक घडवण्यासाठी खरोखर अनुदान देतं. नेटवर शोधलं की ते सापडतं आणि ‘योजना खरी दिसतेय’ असं वाटतं. पण ते तिथल्या ना-नफा संस्थांसाठी आहे आणि अर्जाला पैसे पडत नाहीत. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या क्लासवाल्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

असे फोन कोणाला येतात? अग्निशमन सिलिंडर भरून देणारे, मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाले, कारखान्यातून निवृत्त होऊन सल्लागार झालेले सेफ्टी ऑफिसर. नाव, नंबर, धंदा हे सगळं जाहिराती आणि धंद्यांच्या याद्यांमधून मिळतं. वेळही हिशेबाने निवडतात. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्याआधी कारखान्यांत सुरक्षा सप्ताहाची धावपळ सुरू असते. तेव्हा आलेला ‘सुरक्षा प्रशिक्षण’ हा शब्द कोणालाच खटकत नाही.

पैसे कसे काढले ते बघा. ५ प्रशिक्षक तयार करण्यासाठी १४ लाखांचं अनुदान मंजूर झालंय, असं सांगितलं. आधी ‘फाइल चार्ज’ ४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. रक्कम छोटी, वर जीएसटीचं रीतसर बिल. मग ‘स्थळ तपासणी’चे १८,५००. तपासणी झाली व्हिडिओ कॉलवर: वर्ग दाखवा, प्रोजेक्टर दाखवा, आधार-पॅन दाखवा, कॅन्सल चेक पाठवा. त्यानंतर १४ लाखांच्या २ टक्के ‘सुरक्षा ठेव’, २८,०००. शेवटी ‘१० टक्के टीडीएस आगाऊ भरा, मगच पैसे सुटतील’ म्हणून १,४०,०००. हप्ता करून देऊ म्हटल्यावर त्यांनी ७०,००० भरले आणि तिथे थांबले. थांबले ते शंका आली म्हणून नव्हे, खात्यात पैसेच उरले नव्हते.

टीडीएसचा मुद्दा जरा उकलून सांगायला हवा, कारण शिकलेली माणसंही इथे गोंधळतात. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, आणि तो पैसे देणारा कापतो. तुमच्या हाती कापून उरलेली रक्कम येते. पैसे घेणाऱ्याने देणाऱ्याला आधी टीडीएस भरायचा, असा प्रकार आयकर कायद्यात कुठेच नाही. ज्या क्षणी कोणी तो मागेल, त्या क्षणी फोन ठेवावा.

बिलाने तर सगळंच सांगितलं होतं, कोणी वाचलं असतं तर. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. पत्रावर पत्ता दिल्लीचा आणि बिलावर क्रमांक ०९ ने सुरू होणारा, म्हणजे उत्तर प्रदेशचा. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, खातेदार कोण ते सांगतं. पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, जी म्हणजे सरकार. या बिलावर पी होतं. सरकारी कार्यालय एका व्यक्तीच्या पॅनवर बिल फाडतं, असं कसं होईल? जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेही दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

खरा सरकारी पैसा कसा येतो ते माहीत असलं की खोटा ओळखू येतो. केंद्राच्या बहुतेक योजनांमध्ये स्वयंसेवी संस्थेला आधी एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते, ती मोफत असते. पैसे संस्थेच्या खात्यात पीएफएमएस या केंद्राच्या पैसे-वाटप प्रणालीतून येतात आणि खर्चानंतर जीएफआर १२-ए या ठरलेल्या सरकारी नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. शुल्क असलंच तर राज्याचं ‘ग्रास’ या, केंद्राचं ‘भारतकोश’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचं; त्याचं चलन मिळतं. कोणाच्या तरी यूपीआयवर सरकारी फी जात नाही. राज्याची योजना असेल तर शासन निर्णय असतोच. त्याच्या शेवटी १८ आकडी संगणक सांकेतांक असतो आणि त्यातले पहिले ८ आकडे तारखेचे असतात. तो क्रमांक शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. निर्णय सापडला नाही, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफला रद्दीचीही किंमत नाही.

प्रशिक्षकाचं ओळखपत्र मिळेल, मग तुमचं प्रमाणपत्र आरटीओत चालेल, हेही आमिष होतं. नियम ९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला ३ दिवसांचं प्रशिक्षण लागतं, आणि ते मान्यता असलेल्या संस्थेकडूनच. त्या प्रमाणपत्राच्या आधारे परवान्यावर तसा शेरा मिळतो. मान्यता संस्थेची असते, प्लॅस्टिकच्या कार्डाची नाही. असं कार्ड दाखवून वर्ग चालवले तर फसणारा पुढचा माणूस ड्रायव्हर असतो: फी भरतो, आणि नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओच्या खिडकीवरून त्याचा कागद परत येतो.

पैसे गेलेच तर पहिलं काम १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. बँकेत नंतर जा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच-दहा खात्यांत आणि मग एटीएममधून बाहेर जातात. मधल्या टप्प्यावर पकडले तरच ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. फोन करताना यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि समोरचा खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी जवळ ठेवा. चारदा पैसे भरले असतील तर चारही क्रमांक द्या. एकाच व्यवहाराची तक्रार केली तर बाकीचे तसेच राहतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. शहरात असाल तर शहर सायबर पोलीस ठाणं. सिन्नर, दिंडोरी, मनमाडकडचे असाल तर नाशिक ग्रामीणचं. चॅट डिलीट करू नका, लाजेपोटी तर मुळीच नाही. तीन दिवसांत कळवलं की बँक भरपाई देते, असं लोक सांगतात. पण तो नियम तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना तो तसा लागू होत नाही.

आधार-पॅन आणि कॅन्सल चेक गेलेला असतो, तिकडेही बघा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, बँकेला लेखी कळवा आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज दिसतंय का ते तपासा. तुमच्या कागदांवर उघडलेलं खातं पुढच्या फसवणुकीत वापरलं गेलं, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

अंबडच्या त्या गृहस्थांना महिनाभराने आणखी एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ७०,००० होल्डवर आहेत, सोडवायला २,५०० प्रोसेसिंग भरा.’ बोलणाऱ्याला रक्कम अचूक माहीत होती, म्हणजे फसलेल्यांची यादी त्याच टोळीकडून पुढे विकली गेली असणार. गोठवलेले पैसे रीतसर कायदेशीर प्रक्रियेतून परत मिळतात, फोनवर फी भरून नाही. या वेळी त्यांनी समोरच्याला विचारलं, ‘डिझेलच्या टँकरवर कोणता नंबर असतो?’ पलीकडून फोन कट झाला.