ज्या इंजिनात टॅपेट सेट होतच नाहीत, त्याच्या टॅपेट सेटिंगचं बिल

आमची स्विफ्ट डिझेल जुनी, सेकंडहँड घेतलेली. पावसाळ्यानंतर तिचं अ‍ॅव्हरेज पडलं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर वरून टकटक ऐकू यायला लागली. घराजवळच्या गॅरेजवाल्याने आवाज ऐकून लगेच निदान केलं : "टॅपेट लूज झालेत. सोळाही सेट करावे लागतील, शिम बदलावे लागतील. अ‍ॅव्हरेज आपोआप येईल." टॅपेट म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला भाग, आणि शिम म्हणजे तिथली फट लावायची पातळ चकती. बिल साडेनऊ हजारांचं झालं. टॅपेट सेटिंग, १६ शिम, कव्हर पॅकिंग आणि ऑइल. आवाज खरंच कमी झाला होता. अ‍ॅव्हरेज मात्र आणखी घसरलं.

त्या बिलातलं ऑइल सोडलं तर बाकी सगळं खोटं होतं.

या गाडीत फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन आहे. तेच डिझायर, रिट्झ, पुंटो आणि इंडिका व्हिस्टाच्या क्वाड्राजेटमध्येही होतं, म्हणून अशा गाड्या वापरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. त्यात हायड्रॉलिक टॅपेट असतात. इंजिन ऑइलच्या दाबाने आतला छोटा पिस्टन वर येतो आणि कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा फिरता उंचवटा) ते व्हॉल्व्ह यांच्यातली फट स्वतःच भरून काढतो. सेट करायला स्क्रू नाही, बदलायला शिम नाही. २४०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २० वेळा उघडतो. फट शून्य राहिली की तो ठरल्या वेळी उघडतो, ठरल्या वेळी बंद होतो. शिवाय कॅम रोलरवर फिरतो, त्यामुळे घर्षण कमी आणि डिझेलही कमी लागतं.

रात्रभर गाडी उभी राहिली की टॅपेटमधलं तेल थोडं उतरतं, मग सकाळी काही सेकंद टकटक येते. ऑइल जुनं झालं असेल तर ती लांबते. त्यावर पहिला उपाय म्हणजे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल. या गॅरेजवाल्याने २०डब्ल्यू-५० हे जाड ग्रेडचं ऑइल ओतलं होतं. जाड तेलाने आवाज दबला, पण थंड इंजिनाला तेच तेल ढकलण्यात जादा डिझेल जळायला लागलं.

हे उघडकीस आणलं दुसऱ्या मिस्त्रीने. इंजिनाच्या वरच्या कव्हरच्या बोल्टवरची तेल-धुळीची पुटं जशीच्या तशी होती, कव्हरला कुणी पाना लावलेलाच नव्हता. अ‍ॅव्हरेज खात होता पुढच्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. पिना जाम होऊन ब्रेक धरून बसला होता, थोडं अंतर चालवलं तरी ते चाक दुसऱ्यापेक्षा चांगलंच तापायचं. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, योग्य ऑइल भरलं आणि गाडी पूर्वीसारखी धावायला लागली.

ही थाप खपते, कारण टॅपेट सेटिंग हे काम पूर्णपणे खरं आहे. मारुती ८०० च्या रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) स्क्रू होते, फिलर गेज म्हणजे मापाची पातळ पट्टी घालून फट लावायची. होंडा सिटीच्या आय-व्हीटेकमध्येही स्क्रूच आहेत. तिथे हे काम टाळू नका, विशेषतः सीएनजी असेल तर. सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्व्ह टेकतो ती सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. अशा इंजिनात मला वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प झालेल्याची धास्ती जास्त वाटते. फट संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जात नाही आणि तो जळतो. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, ताकद जाते, इंधन वाया जातं.

म्हणून होकार देण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा. व्हॉल्व्हच्या फटीचा आकडा दिला असेल तर ती मोजता आणि लावता येते. हायड्रॉलिक लिहिलं असेल तर कुणी कितीही छातीठोकपणे सांगो, सेटिंगचे पैसे देऊ नका. हेडचं काम सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून आकडे मागा. कव्हर समोर उघडायला लावा आणि काढलेले पार्ट ताब्यात घ्या.

मी जुने शिम मागितले तेव्हा "भंगारात गेले" असं उत्तर आलं. पैसे परत द्यायलाही नकार मिळाला. पक्कं बिल आणि न उघडलेल्या कव्हरचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते, तेव्हा असं बिल कुणाच्या घरी पडून असेल तर ते फाडू नका.