एकच संध्याकाळ, एकच दुर्बीण: गुरू दाखवावा की शनी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, "७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण मिळालीय, पोरं साठ आहेत आणि हातात दोन तास. आधी कुठला ग्रह लावू?" हा प्रश्न आपल्या भागातल्या इतर शिक्षकांनाही पडत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीमाभागात एक सोय आहे. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी ही नावं मराठीत आणि कन्नडमध्ये सारखीच आहेत. जवळपास कन्नड शाळा असेल तर तिथल्या मुलांनाही बोलवा. ग्रहांची नावं कुणालाच नव्याने सांगावी लागणार नाहीत.

बुध, युरेनस आणि नेपच्यून यांच्या वाटेला जाऊ नका. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे सरकत नाही, त्यामुळे डोंगराळ क्षितिजावर तो सापडेपर्यंत मावळतो. दुसरे दोघे एवढ्या दुर्बिणीत ठिपक्यापुढे जात नाहीत.

शुक्र आकाशात सगळ्यात तेजस्वी दिसतो, पण दुर्बिणीत त्याची फक्त कला दिसते, चंद्रासारखी. कोर दिसत असेल त्या दिवसांत पोरं खूश होतात. पृष्ठभाग मात्र दाट ढगांखाली कायमचा झाकलेला. गोष्ट सांगायला हा ग्रह उत्तम: सूर्याला जास्त जवळ बुध, तरी जास्त तापलेला शुक्र. कार्बन डायऑक्साइडच्या जाड वातावरणाने उष्णता कोंडली जाते आणि तिथे ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राहतं. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं.

मंगळाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, मंगळयानामुळे. पण अपेक्षाभंगही इथेच जास्त. पृथ्वी वाटाण्याएवढी धरली तर मंगळ मिऱ्याच्या दाण्याएवढा. साधारण २६ महिन्यांतून एकदा तो आपल्या जवळ येतो, एरवी दुर्बिणीतही तांबूस ठिपकाच. तो लाल रंग मातीतल्या लोखंडाच्या गंजाचा, हे लाल मातीत खेळणाऱ्या आपल्या पोरांना लगेच पटतं.

आता खरी निवड. वाटाण्याच्या त्याच मापाने गुरू मोसंबीएवढा होतो, शनी त्याहून थोडा लहान. दोघांनाही उभं राहायला जमीन नाही; मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. सूर्याजवळच्या उष्णतेत फक्त खडक आणि धातू घट्ट होऊ शकले, दूरच्या थंडीत बर्फही गोठला, तिथले गाभे मोठे झाले आणि त्यांनी भोवतालचा वायू ओढून घेतला. छोटे खडकाळ ग्रह आत आणि थोराड ग्रह बाहेर, यामागचं कारण मुख्यतः हेच.

शनी एका नजरेत जिंकतो. कडं दिसलं की पोरगं डोळा बाजूला घेऊन दुर्बिणीच्या तोंडाशी चित्र चिकटवलंय का, हे बघायला जातं. मी हे स्वतः पाहिलंय. कड्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम काही दहा मीटर. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये त्यांची फक्त पातळ कड आपल्याकडे आली तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. आता हळूहळू उघडतायत, पण पूर्ण पसरायला २०३२ च्या आसपासचा काळ लागेल.

एखादी आजी म्हणेल, लेकरांना शनी कशाला दाखवता? तिला आदराने सांगा की साडेसातीचा आकडा याच ग्रहाच्या संथ चालीतून आला आहे. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं आणि तीन राशींत साडेसात. हा हिशोब फळ्यावर मांडला की आजीही रांगेत येते.

गुरूचं तसं नाही. पहिल्या नजरेत दोन करडे पट्टे असलेली चकती आणि एका ओळीत चार चांदण्या, बस. पण तो सारखा बदलतो. त्या चांदण्या म्हणजे त्याचे चंद्र: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने रोज रात्री त्यांच्या जागा टिपल्या आणि आकाशातलं सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तडा गेला. तेच काम आपल्या पोरांना वहीत करता येतं. आयो ४२ तासांत फेरी मारतो, त्यामुळे सातला काढलेलं चित्र आणि नऊला काढलेलं चित्र बहुतेक वेळा जुळत नाही. ग्रह दुर्बिणीच्या नजरेतून सरकला की "सर, गुरू पळायलाय!" असा ओरडा होतो, तेव्हा पळते ती आपली पृथ्वी, हेही तिथल्या तिथे सांगून टाकायचं.

बाईंना मी सांगितलं ते असं: एकच संध्याकाळ असेल आणि शनी वर असेल तर शनी. सलग तीन-चार संध्याकाळी मिळत असतील तर डोळे झाकून गुरू, आणि प्रत्येक पोराच्या हातात वही-पेन्सिल.

जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडे आकाश मागूच नका. मार्गशीर्षापासून पुढे बघा. २०२७ च्या फेब्रुवारीत गुरू आणि मंगळ दोघेही आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतायत, म्हणजे अंधार पडला की पूर्वेला हजर. तेव्हा गुरू दाखवून झाला की दुर्बीण मंगळावर फिरवा. चकतीच्या रुंदीत तिपटीहून जास्त फरक दिसेल.