कानानं बघितलेल्या मालिका

मिरजेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन खिडकीला लावलेलं, डाव्या हाताला उजेड येईल असं, आणि टीव्ही पाठीमागच्या भिंतीवर. त्यामुळं गेली वीस-पंचवीस वर्षं मराठी मालिका मी बघितल्या कमी, ऐकल्या जास्त. डोळे सुईखाली आणि कान मागं. तेव्हा हा अभिप्राय कानांचा आहे असंच समजा. बंगला केवढा आहे, दागिने खरे वाटतात का, यावर मी काही बोलणार नाही. ब्लाउजवर बोलेन, तो माझा हक्क आहे.

अभिप्राय कशाचा? रोज संध्याकाळी सात ते साडेदहा घरात येणाऱ्या मालिकांचा. एकीचा नव्हे, सगळ्यांचा मिळून. मी त्या सोडल्यात, आणि सोडायच्या आधी भरपूर निष्ठेनं ऐकल्यात, म्हणून लिहिते.

सुरुवात दूरदर्शनवरच्या 'दामिनी'नं झाली, दुपारी लागायची. मी तेव्हा आईच्या हाताखाली हुक लावायला आणि काजं करायला शिकत होते. प्रतीक्षा लोणकरचा आवाज आला की आई म्हणायची, "हात थांबवू नकोस, कान दे." पुढं १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी (आताची झी मराठी) आली आणि 'आभाळमाया' सुरू झाली. शीर्षकगीताला अशोक पटकींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. आमच्या गल्लीत ते गाणं एकाच वेळी चार घरांतून ऐकू यायचं, आणि गाणं पूर्ण वाजायचं. आता शीर्षकगीत म्हणजे दोन ओळी आणि मालिकेचं नाव. कानावर जगणाऱ्या प्रेक्षकाला हे पहिलं नुकसान.

मग 'चार दिवस सासूचे'. २००१ ला ई टीव्ही मराठीवर आली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजारांहून जास्त भाग. लोक तिला पाणी घातलेली मालिका म्हणतात. घातलंच होतं. पण त्यातली माणसं बोलत होती हो! रोहिणी हट्टंगडी एखादं वाक्य अर्ध्यावर सोडायच्या तेव्हा ते मुद्दाम सोडलंय की शब्द गिळलाय, हे मला बाहीला पायपिंग लावता लावता कळायचं. कविता लाड दम खाऊन उत्तर द्यायची, तो दमसुद्धा ऐकू यायचा. त्याच काळात आमच्याकडं भारनियमन जोरात होतं. वीज गेली की पायमशीन चालायचं, टीव्ही बंद. दुसऱ्या दिवशी माप द्यायला येणारी पहिली बाई आदल्या रात्रीचा भाग सांगायची, तो पण संवादांसकट. "मग सासू काय म्हणाली?" "म्हणाली, चाव्या माझ्या हयातीत तुला मिळायच्या नाहीत." दंडाची टेप तशीच धरून मी ऐकत बसायची.

माझ्या मते सगळ्यात उत्तम ऐकायची मालिका म्हणजे २०१२ ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. जानेवारीत सुरू, ऑगस्टमध्ये संपली. घना आणि राधा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. ती दोघं नुसती बोलायची: भांडताना, चहा पिताना, एकमेकांना टाळताना. घरातली मोठी माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायची, जशी आपल्या घरात बोलतात. दिग्दर्शक सतीश राजवाडेंनी ती गोष्ट संपवली तेव्हा गिऱ्हाईक बायका हळहळल्या. मला मात्र बरं वाटलं, संपायची तेव्हा संपली म्हणून.

पुढच्या वर्षी 'होणार सून मी ह्या घरची' आली आणि दुकानाचा धंदाच बदलला. तिच्यातल्या नायिकेचं, जान्हवीचं, मंगळसूत्र बाजारात त्याच नावानं मिळायला लागलं. माझ्याकडं बायका मोबाईलवर थांबवलेलं चित्र घेऊन यायच्या, "ताई, हिच्यासारखा मागचा गळा." त्या दिवसांत मालिकांनी मला काम दिलं, हे नाकारून चालणार नाही. श्रावणात मंगळागौरीचा भाग लागला की आठवड्यात खणाच्या ब्लाउजांची रांग. फक्त एक शंका तेव्हाही होती आणि आजही आहे: पाठीला लटकन लावलेला, कॅनव्हास घातलेला, अस्तराचा ब्लाउज घालून ही पोर पोळ्या कशी लाटते, आणि त्यावरच झोपते कशी? माझ्या एकाही गिऱ्हाइकाला अजून ते जमलेलं नाही. त्याच जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की त्यावर मोबाईलवर विनोद फिरत होते. आम्ही पण हसलो. हसत हसत रोज साडेसातपासून टीव्ही लावत होतो.

बिघाड नेमका कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, कारण तो आवाजात हळूहळू शिरला. मालिकांमधलं बोलणं कमी होत गेलं. त्याच्या जागी ते संगीत आलं, सगळ्यांना माहीत आहे ते. कुणीतरी एक वाक्य टाकतं: "त्या रात्री मी तिथंच होते." मग धाडकन एक ठोका. मग दुसरा. मग तिसरा. बघणाऱ्याला तेवढ्या वेळात सहा-सात चेहरे दिसतात, प्रत्येकाचे डोळे मोठे झालेले. मला काय? नुसते ठोके. जाहिरातीनंतर तेच वाक्य पुन्हा, तेच ठोके पुन्हा. दुसऱ्या दिवशी भागाच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा. अर्ध्या तासाच्या भागात किती गोष्ट उरते याचा हिशेब मी एकदा मांडला होता. नियमानं तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासात सहा गेली. कालचं आणि उद्याचं दाखवण्यात आणखी काही गेली. उरलेल्यात चेहरे. ८० सेंटिमीटरच्या पिसात दोन ब्लाउज काढून द्या म्हणणारं गिऱ्हाईक असतं ना, तसं चाललंय हे. कापड तेवढंच, माप मात्र रोज वाढतंय.

याला कारण आहे, हे मलाही कळतं. रोज एक भाग वाहिनीला द्यायचा, दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे किती लोकांनी काय बघितलं त्याचे, आकडे यायचे, आकडा घसरला की कथा वळवायची. लेखकानं महिनाभराचा विचार केलेला असेल तो एका आठवड्यात बाजूला. म्हणून मग जाहिरातीत दाखवलेली थप्पड प्रत्यक्षात स्वप्न निघते. रविवारी महाएपिसोड म्हणून तास-दोन तास बसवतात आणि त्यात एका वाक्याचा उलगडा होत नाही. सणाला दोन मालिकांचा महासंगम करतात, तेव्हा मला तर कोण कुणाची जाऊ तेच कळत नाही, कारण सगळ्या एका सुरात रडतात.

एकच पात्र असं आहे ज्याबद्दल माझी तक्रार नाही. खलनायिका. ती रिकाम्या खोलीत एकटी उभी राहून आपला सगळा बेत मोठ्यानं सांगते. विष कशात घालणार, कागद कुठं लपवलेत, कुणाला कधी घराबाहेर काढणार, सगळं. बघणाऱ्यांना ते हास्यास्पद वाटतं. पाठमोऱ्या बसलेल्या शिलाईवालीसाठी त्या अख्ख्या घरात तीच एक बाई बोलते.

२०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली, वाहिन्यांवर जुनेच भाग परत लागायला लागले. माझ्याकडं तेव्हा ब्लाउज एकही नव्हता, सुती कापडाचे मास्क शिवत होते. मास्कला डोकं लागत नाही, म्हणून कान जास्तच मोकळे. मुलीनं मोबाईलवर मालिकांचे फार जुने भाग शोधून दिले. ते ऐकताना फरक इतका लख्ख कळला की मी नंतर नव्या भागांकडं संशयानंच ऐकायला लागले. जुन्यात दार वाजलं तर दार वाजल्याचा आवाज येई, भांडी घासली तर भांड्यांचा. नव्यात घराला आवाजच नाही. इतकं मोठं कुटुंब, आणि कुकरची शिट्टी होत नाही.

तरी सोडलं नाही. त्याचं श्रेय 'आई कुठे काय करते'ला. २०१९ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर सुरू झाली. मूळ बंगाली 'श्रीमोयी'. हिंदीत 'अनुपमा' झाली ती त्याच गोष्टीवर. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती आधी फार कमी बोलायची, आणि ते कमी बोलणं ऐकू यायचं. मग ती हळूहळू बोलायला लागली. घटस्फोटानंतर घराबाहेर पडली त्या दिवसांत माझ्या दुकानात एक सासू आणि तिची सून एकदमच फॉल-पिकोच्या साड्या घेऊन आल्या होत्या. सून म्हणाली, "बरं केलं तिनं." सासू साडी मोजत म्हणाली, "उशीर केला." मी मशीन थांबवलं. मालिकेनं असलं काही घडवलं की तिला पाच तारे द्यावेत. पण तिथं न थांबता गोष्ट पुढं आणखी तीन वर्षं चालली. शेवटच्या वर्षात तिला साडेसातवरून दुपारी आणून ठेवलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरअखेर ती संपली. मी तोवर निम्मी बाहेर पडले होते.

पुरती बाहेर पडले ते वेगळ्याच मालिकेमुळं. नाव घेत नाही, ऐकणाऱ्यांना ओळखू येईल. नायिकेला नवऱ्याला एक खरी गोष्ट सांगायची असते. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." फोन वाजतो. दुसऱ्या आठवड्यात, "आज मी सांगणारच आहे." सासऱ्यांच्या छातीत दुखतं. हे गणपतीला सुरू झालं आणि संक्रांत आली तरी बाई सांगेना. माझ्याकडं लग्नाची मोठी ऑर्डर होती, करवलीपासून आजीपर्यंत सगळ्यांचे ब्लाउज, आणि हाताखालच्या मुलीला फोन आला म्हणून तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. फोन झाल्यावर चालू करायला विसरली. मी कटोरीला टिप मारत होते. जाहिराती संपून दुसरी मालिका सुरू झाली असेल तेव्हा मुलगी म्हणाली, "अय्या ताई, आवाज बंदच होता की!" मला पत्ता नव्हता. ज्या मालिका मी कानानं बघत होते त्या मुक्या झाल्या तरी माझं काही अडलं नाही. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या काकू डोकावल्या.

त्यानंतर प्रयोग म्हणून आठवडाभर टीव्ही लावलाच नाही. आठवड्यानं माप द्यायला आलेल्या वहिनींना विचारलं, काय झालं पुढं? त्या म्हणाल्या, "काही नाही. तिनं अजून सांगितलं नाही, आणि आता तिला दिवस गेलेत." झालं. हिशेब पूर्ण.

पैशांबद्दलही बोलायला हवं, अभिप्राय आहे म्हटल्यावर. २०१९ ला ट्रायचा, म्हणजे वाहिन्यांचे दर ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आला तेव्हा शंभर वाहिन्यांचे १३० रुपये आणि कर धरून १५३ रुपये ४० पैसे, वर पैशाच्या वाहिन्यांचे वेगळे, असा तो हिशेब होता. आवडती वाहिनी आपण निवडायची. मी तेव्हा कागद-पेन घेऊन बसून मराठी तेवढ्याच निवडल्या होत्या. रक्कम मोठी नाही, एका साध्या ब्लाउजच्या शिलाईत भागते. पण आता ती वाचवण्यातही मजा आहे. सासूबाईंना विचारलं होतं, वाहिन्या बंद केल्या तर चालेल का? त्या म्हणाल्या, "कीर्तनाचं तेवढं ठेव." ते मोबाईलवरही मिळतं, हे त्यांना मुलीनं शिकवलं. आता त्यांचा मोबाईल दिवसभर चार्जिंगला असतो.

एक गोष्ट मात्र खरंच खुपते. रात्री आठ-साडेआठला खोली फार शांत होते. मशीन थांबलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मालिकेची गोष्ट गेल्याचं दुःख नाही, पण माणसांचे आवाज असायचे. म्हणून आता आकाशवाणी सांगली लावते, नाहीतर मोबाईलवर कुणीतरी वाचून दाखवलेल्या गोष्टी. वाचणारे नेमके बोलतात, मध्ये ठोके नाहीत. गिऱ्हाइकांना आवडतं असं नाही. परवा एक जण म्हणाल्या, "ताई, मालिका लावा की, माझी चुकतीय." त्यांना म्हटलं, चुकत नाही वहिनी, उद्या तिथंच असेल.

तारे द्यायचे तर पाचपैकी दोन. एक कलाकारांना, कारण रोजच्या त्या घाण्यात उभं राहून त्यांच्यातले काही जण अजून एखादं वाक्य खरं बोलून जातात. दुसरा खलनायिकेला. ज्यांना टीव्हीपुढं बसून बघता येतं त्यांनी आणखी एखादा वाढवावा, त्यांना निदान साड्या तरी दिसतात.

आणि माझ्यासारखं काम करता करता ऐकायचं असेल तर जुन्या शोधा, घना-राधापासून सुरू करा. फक्त हात-शिलाई करताना लावू नका, हसताना सुई बोटात जाते.