हॉटेलला थेट फोन केला आणि पंचवीस हजार गेले

फसवणूक झाली असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "फारच स्वस्तात देत होते का?" तर नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. बुकिंगच्या साइटवर साडेसहा हजाराच्या आसपास दिसणारी खोली आम्हाला फोनवर पाच हजार दोनशेला सांगितली गेली, आणि एवढा फरक का पडतो हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. या साइट हॉटेलवाल्याकडून पंधरा-वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त कमिशन घेतात. थेट फोन केला की हॉटेलवाला त्यातलं थोडं आपल्याला सोडतो. हा सल्ला आम्ही स्वतः अर्ध्या नात्यागोत्याला देत आलोय आणि तो आजही खोटा नाही. भामट्यांनी नेमकी हीच खिंड धरली आहे. फुकटच्या आशेने आलेला माणूस त्यांना नकोच असतो. चार पैसे वाचवायला विचारपूर्वक फोन करणारा हवा असतो.

निमित्त घरचंच होतं. भाचीची चित्रं जहांगीर आर्ट गॅलरीत लागणार होती. एरवी नाशिककरांची मुंबई म्हणजे सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जायचं आणि संध्याकाळी पंचवटीनेच परत. पण उद्घाटन संध्याकाळी सहाला, म्हणजे परतीची गाडी हातची जाणार. शिवाय नणंदेची कधीपासूनची इच्छा, की एकदा फोर्टातल्या जुन्या इमारतीतल्या हॉटेलात राहायचं. उंच छत, नक्षीच्या फरश्या, लाकडी झडपांच्या खिडक्या, हे सगळं तिला हवं होतं. ताजचं बजेट कुणाचंच नव्हतं. मग काळा घोड्यापासून चालत जाता येईल असं एक छोटं, देखणं हॉटेल आम्ही हेरलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकरणात त्यांचंही नुकसानच झालंय (त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, ती पुढे येईल).

नवऱ्याने नकाशाच्या अ‍ॅपवर हॉटेलचं नाव टाकलं, खालचं फोनचं चिन्ह दाबलं. हजारभर अभिप्राय, चांगले तारे, फोटो, पत्ता, सगळं त्याच खऱ्या हॉटेलचं. फक्त नंबर भामट्याचा. अशा अ‍ॅपवर कोणीही "माहिती सुचवा" म्हणून बदल पाठवू शकतो आणि त्यातले काही बदल मंजूर होतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपण नंबर खरा आहे का हे तपासायला जिथे जातो, तिथेच तो बदललेला असेल तर तपासणार काय?

पलीकडचा माणूस काय गोड बोलत होता! रिसेप्शनवरून बोलतोय म्हणाला. तारीख विचारली, "एक मिनिट हां साहेब, बघून सांगतो" म्हणून खरंच मिनिटभर थांबला, मागे बेल वाजल्याचा आवाज. मग म्हणाला, राजाबाई टॉवरच्या बाजूची खोली शिल्लक नाही, आतल्या चौकाकडच्या दोन आहेत, चालतील का? हे "शिल्लक नाही" फार परिणामकारक असतं. सगळंच देऊ करणाऱ्याचा संशय येतो, थोडं नाकारणाऱ्याचा येत नाही. पुढे त्याने सांगितलं की चेक-इन दोनला आहे पण सामान अकरापासून ठेवता येईल, आणि येताना आधार किंवा लायसन्स आणा, पॅन कार्ड चालत नाही. हा नियम खरोखरच बहुतेक हॉटेलांत असतो, पॅनवर पत्ता नसतो म्हणून. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, माणूस हॉटेलचाच आहे.

थोड्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आलं. वर हॉटेलचा लोगो, खाली हिशोब: दोन खोल्या 10,400, त्यावर 12 टक्के जीएसटी 1,248, एकूण 11,648, निम्मे आगाऊ 5,824. सोबत क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर एका व्यक्तीचं नाव आलं, हॉटेलचं नाही. नवऱ्याने विचारलंही. "आमचे अकाउंट्सचे मॅनेजर आहेत साहेब, कंपनी खात्याचं मेंटेनन्स चालू आहे." पैसे गेले. "मिळाले साहेब, थँक्यू, फोन चालू ठेवा, कन्फर्मेशन काढतो."

हे "फोन चालू ठेवा" लक्षात ठेवा. त्यानंतर जे झालं ते त्यामुळेच झालं.

"साहेब, खोल्या दोन आहेत ना, एकीचाच कोड पडलाय. दुसरीचा तुम्हाला तुमच्या बाजूने टाकावा लागेल. परत क्यूआर उघडा. रकमेच्या जागी लिहा एक-नऊ-आठ-दोन-चार."

"म्हणजे एकोणीस हजार?"

"नाही नाही साहेब, रक्कम नाही ती, बुकिंग कोड आहे. पैसे कटणार नाहीत. टाका, मी लाइनवरच आहे."

"पिन मागतंय."

"हो, ते कन्फर्मेशनसाठी. टाका साहेब, मागे दुसरे गेस्ट उभे आहेत."

फोन स्पीकरवर, त्याच फोनमध्ये पैशाचं अ‍ॅप उघडलेलं, कानाशी सतत कुणीतरी बोलतंय आणि वर मागे गेस्ट उभे आहेत म्हणून आपल्यालाच संकोच वाटतोय. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसांनी याच पद्धतीने पैसे घालवल्याचं मी नंतर ऐकलं. पिन टाकला आणि बँकेचा मेसेज आला: 19,824 रुपये वजा.

तो माणूस जराही गडबडला नाही. "अरे साहेब, सिस्टिमने चुकून ओढले. काळजी नको, सगळे परत येतात. फक्त रिफंडचा कोड टाकायचा, दोन्ही मिळून एकदम येतील." आता कोड होता चोवीस हजार काहीतरी. नवऱ्याचा अंगठा स्क्रीनवर गेलासुद्धा होता. पलंगावर बसून खोल्यांचे फोटो बघणारी नणंद तेवढ्यात जोरात म्हणाली, "दादा, फोन ठेव आधी!" तिला काही कळलं होतं असं नाही, तिला फक्त आकडा मोठा वाटला. पण तिसरा हप्ता वाचला तो तिच्यामुळे.

यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, नाहीतर स्वतःची शिल्लक बघताना. पैसे येण्यासाठी तो कधीच लागत नाही. रिफंडला नाही, कन्फर्मेशनला नाही, दुसऱ्या खोलीला नाही. आणि रकमेच्या खान्यात लिहिलेला कोणताही आकडा ही रक्कमच असते.

त्यानंतर काय करायचं हे सांगते, कारण त्या वेळी हात-पाय गार पडलेले असतात आणि काही सुचत नाही. सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर 1930 आहे. तिथे लगेच फोन करायचा, "उद्या बघू" नाही, कारण पैसे पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यांत काही मिनिटांत सरकतात. आम्हाला लाइन पटकन लागली नाही. लावत राहिलो. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी आणि आमच्या बँकेचं नाव विचारलं. हे सगळं अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या पानावर असतं, आधीच लिहून जवळ ठेवलं तर मिनिटं वाचतात. तक्रार नोंदली की मेसेजवर क्रमांक येतो. नंतर cybercrime च्या सरकारी पोर्टलवर जाऊन स्क्रीनशॉट, पीडीएफ आणि चॅट जोडून तक्रार पुरी करावी लागते. बँकेलाही कळवायचं, पण बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकातून घ्या. नेटवर शोधायला जाल तर तिथेही याच टोळ्यांचे भाऊबंद बसलेले आहेत.

बँकेकडून फार आशा ठेवू नका. आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि आपण ठरलेल्या मुदतीत कळवलं तर ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पण इथे पिन आम्हीच टाकलेला. शाखेत अतिशय नम्रपणे हेच सांगण्यात आलं.

आता ते पीडीएफ. ओळखीच्या सीए मुलाला दाखवलं तर त्याने अर्ध्या मिनिटात दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक, 12 टक्के जीएसटी. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे. भामट्यांनी जुनाच नमुना वापरला होता. दोन, जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे. ते राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. मुंबईच्या हॉटेलच्या बिलावर 08 होतं, म्हणजे राजस्थान. हा पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर लॉगिन न करताही कुणाच्या नावाचा आहे ते दिसतं. पैसे पाठवण्याआधी करायचं एकच काम मला विचाराल तर मी हे सांगेन. फोटो नेटवर टाकून ते कुठून आलेत हे शोधून वगैरे काही उपयोग नसतो, कारण फोटो खऱ्याच हॉटेलचे असतात.

दुसरा इशारा पैसे पाठवतानाच्या पडद्यावर होता. जून 2025 संपल्यापासून यूपीआय अ‍ॅपवर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं लागतं, त्याने स्वतः ठेवलेलं टोपणनाव नाही. त्यामुळे तिथे दिसणारं नाव हे खातेदाराचं खरं नाव. हॉटेलच्या जागी कुण्या भलत्या माणसाचं नाव आलं तर त्याला कोणतंही स्पष्टीकरण पुरेसं नाही. मात्र तो माणूस टोळीचा म्होरक्या असेल असंही नाही. सायबर पोलीस ठाण्यात कळलं की अशी खाती बहुतेक भाड्याने घेतलेली असतात.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन फोन केला. खरी रिसेप्शनिस्ट आमचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पैसे भरलेत का कुठे?" म्हणजे त्यांना माहीत होतं! आमच्याआधीही लोक बॅगा घेऊन दारात उभे राहिले होते, आणि बुकिंग नाही म्हटल्यावर तिथे भांडणंही झाली होती. तिचा दोष नाही, ती बिचारी रोज शिव्या खाते. पण माझी तक्रार हीच आहे. हे ठाऊक असताना वेबसाइटच्या पहिल्या पानावर "आमचा नंबर एवढाच, व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही पैसे घेत नाही" अशी ठळक ओळ टाकायला काय खर्च येतो? देखण्या पानाची शोभा जाते म्हणून? मी तसं विचारलं. मॅनेजरला कळवते म्हणाली.

आम्ही अखेर तिथेच राहिलो. बरेच जण म्हणाले, कशाला तोंड बघता त्या हॉटेलचं. पण नणंदेने ऐकलं नाही. भाव सहा हजार सांगितला, काउंटरवर पोचल्यावर दिले. खोली अगदी फोटोतल्यासारखी. उद्घाटन छान झालं, एक चित्र पहिल्याच संध्याकाळी विकलं गेलं.

एक गोष्ट आम्हाला उशिरा आठवली. त्या माणसाला आम्ही चौघांच्या आधारचे फोटोही पाठवले होते, "एंट्री आधी करून ठेवतो" म्हणाला म्हणून. पैशापेक्षा मला आता त्याची जास्त धास्ती आहे. आधारच्या साइटवरून चौघांचे बायोमेट्रिक लॉक केले. इथून पुढे कुठेही आधीच पाठवायची वेळ आली तर मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तो आधारच्या त्याच साइटवरून डाउनलोड करता येतो. भामट्याचा मोबाइल नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, तिथल्या "चक्षू" या तक्रारीच्या सोयीत कळवला. आमचे पैसे तिथून परत येत नाहीत, त्यासाठी 1930 च, पण नंबर तपासला जातो.

पैशांचं म्हणाल तर 25,648 पैकी साडेअकरा हजारांच्या आसपास एका खात्यात गोठवलेले आहेत. बाकीचे त्याआधीच पुढे सरकले. गोठवलेले सोडवायला अर्ज केला आहे.

नकाशावरचा नंबर आता दुरुस्त झाला आहे. पण परवा सहज पाहिलं तर अभिप्रायांतल्या फोटोंच्या ढिगात कुणीतरी एक पाटी चिकटवली आहे, "डायरेक्ट बुकिंग, विशेष सवलत" आणि खाली मोबाइल नंबर. फोटोच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की तक्रारीचा पर्याय येतो. मी केली आहे. तुम्ही जिथे राहायला जाणार असाल त्या हॉटेलच्या फोटोंतही अशी पाटी दिसली तर तेवढं करा, जास्त लोकांनी केलं तर लवकर निघते.