पार्सडीमार्क : आपल्या नावाने मेल कोण पाठवतंय, हे शोधून देणारं मोफत टूल

इनबॉक्समध्ये मेल येतो, पाठवणाऱ्याच्या जागी आपलाच पत्ता असतो आणि मजकूर धमकीचा: तुमचं खातं हॅक केलंय, हा मेल तुमच्याच खात्यातून पाठवलाय हाच पुरावा, बिटकॉइनमध्ये पैसे भरा. अशा वेळी मेलचं मूळ रूप उघडून ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ ही ओळ बघावी. तिथे एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या परवानगीच्या यादीत आहे का, ही तपासणी) आणि डीमार्क (तपासलेलं डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळतं का आणि न जुळल्यास मेलचं काय करायचं, याचा नियम) दोन्ही ‘फेल’ असतील, तर मेल बहुधा आपल्या सर्व्हरमधून गेलेलाच नाही. एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीत, ‘फ्रॉम’च्या ओळीत पाठवणारा वाटेल तो पत्ता घालू शकतो. पत्ता जीमेलसारख्या सेवेचा असेल तर तो मेल स्पॅम म्हणून कळवण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. डोमेन स्वतःचं असेल तर मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे आणि पार्सडीमार्क तिथेच कामाला येतं.

सुरुवात डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेत होते. ‘अंडरस्कोर डीमार्क’ या नावाची टीएक्सटी (मजकुराची) नोंद करायची, धोरण म्हणजे ‘पी’ सुरुवातीला ‘नन’ (काहीच अडवू नका) ठेवायचं आणि ‘आरयूए’मध्ये आपल्या नावाने आलेल्या मेलच्या अहवालांसाठी उघडलेल्या वेगळ्या मेलबॉक्सचा पत्ता द्यायचा. हा मेलबॉक्स दुसऱ्या डोमेनवर असेल तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्येही परवानगीची नोंद लागते, नाहीतर नियम पाळणारे सर्व्हर तिथे अहवाल पाठवत नाहीत. नोंद झाली की मोठ्या मेलसेवा साधारण रोज एक अहवाल पाठवू लागतात: झिप किंवा जीझिपमध्ये गुंडाळलेली एक्सएमएल फाइल. चार-पाच दिवसांत ढीग साचतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी वाचणं शक्य नसतं.

पार्सडीमार्क हा ढीग उपसतं. हे पायथनमधलं मुक्तस्रोत टूल आहे, ‘पिप’ने बसतं. आयमॅपवरून (मेलबॉक्स वाचण्याची पद्धत) मेलबॉक्स उघडतं, फाइली सोडवतं, पाठवणाऱ्या प्रत्येक आयपीचा (सर्व्हरच्या पत्त्याचा) देश आणि रिव्हर्स डीएनएस (त्या पत्त्यामागचं नाव) शोधतं आणि सगळं जेसन व सीएसव्हीमध्ये लिहून देतं. सेटिंग एका आयएनआय फाइलमध्ये असतं. पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, नाहीतर टूल सुरूच होत नाही आणि चूक कुठे आहे ते पटकन लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे वाचून झालेले मेल ते आपणहून ‘आर्काइव्ह’ फोल्डरमध्ये हलवतं. म्हणून पहिल्यांदा चालवताना ‘टेस्ट’ पर्याय चालू ठेवावा, मग मेल जागचे हलत नाहीत. ‘आउटपुट’मध्ये फोल्डरचं नावही द्यावं, कारण मूळ सेटिंगमध्ये पडद्यावर काहीच उमटत नाही.

इलॅस्टिकसर्च आणि किबाना (माहिती साठवणारं आणि तिचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर) जोडून सुंदर आलेख मिळतात, पण एक-दोन डोमेनसाठी तो व्याप करू नये. त्याला मेमरी भरपूर लागते आणि देखभाल वेगळीच. दिवसातून एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) चालवून सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडली की काम भागतं.

खरं काम त्या तक्त्यात आहे. ‘डीमार्क अलाइन्ड’ स्तंभात ‘फॉल्स’ असलेल्या ओळी गाळून घ्या आणि संख्येनुसार लावा. अनोळखी आयपी, एसपीएफ फेल, डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल स्वाक्षरी) नाही: ही तोतयागिरी. वृत्तपत्रिका पाठवणारी सेवा, बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म अशी ओळखीची नावंही याच यादीत सापडतात आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एसपीएफ ‘पास’ दिसतं, तरी डीमार्क फेल. कारण अशी सेवा बाउन्ससाठी (न पोचलेले मेल परत येण्यासाठी) स्वतःचं डोमेन वापरते, एसपीएफ त्या डोमेनचं तपासलं जातं आणि ते ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळत नाही. अशा वेळी आपल्या एसपीएफमध्ये आणखी एक ‘इन्क्लूड’ घालून उपयोग नाही. उलट दहा डीएनएस शोधांची मर्यादा ओलांडली की अख्खी नोंदच ‘पर्मएरर’ (कायमची चूक) देते. त्या सेवेत आपल्या डोमेनची डीकेआयएम स्वाक्षरी चालू करणं हा खरा इलाज. स्वाक्षरीची किल्ली २०४८ बिटची असेल तर टीएक्सटी नोंदीत २५५ अक्षरांपेक्षा लांब तुकडा बसत नाही, ती तोडून लिहावी लागते. न गाळलेल्या तक्त्यात एसपीएफ फेल पण आपल्या डोमेनचं डीकेआयएम पास अशा ओळी बहुधा फॉरवर्ड केलेल्या मेलच्या असतात, त्या सोडून द्या.

आपले सगळे खरे स्रोत जुळले की धोरण ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि मग ‘रिजेक्ट’ (नाकारा) करा. महिन्यातून एकदाच जाणारी बिलं लक्षात घेऊन निदान महिनाभराचे अहवाल बघितल्याशिवाय ही पायरी चढू नये. घाईने ‘रिजेक्ट’ केलं की पहिला फटका आपल्याच पावत्यांना बसतो.

टूलच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ते काहीही अडवत नाही, अडवतं ते धोरण. माहिती एक-दोन दिवस जुनी असते. एकत्रित अहवालात मेलचा मजकूर किंवा घेणाऱ्याचं नाव नसतं. एका अक्षराच्या फरकाचं दुसरं डोमेन घेऊन पाठवलेला मेल इथे दिसणारच नाही. तरीही आपल्या नावाने काय चाललंय याचं इतकं नेमकं चित्र विनामूल्य आणि आपल्याच संगणकावर देणारं हे टूल नक्की घ्यावं असं आहे. अहवाल बाहेरच्या कंपनीकडे द्यायचे नसतील तर हा चांगला पर्याय.

‘रिजेक्ट’ लावूनही स्वतःच्या इनबॉक्समध्ये स्वतःच्याच पत्त्यावरून स्पॅम येत राहिला, तर दोष बहुधा आत येणाऱ्या मेलच्या तपासणीत असतो. स्वतःचा सर्व्हर असेल आणि ओपनडीमार्क (आत येणाऱ्या मेलचं डीमार्क तपासणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल, तर त्यातलं ‘रिजेक्टफेल्युअर्स’ मुळात बंद असतं, ते चालू करा. सेवा भाड्याची असेल तर सुरक्षित प्रेषकांची यादी तपासा. आपले मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून कुणीतरी कधीकाळी आपलंच डोमेन तिथे घातलेलं असतं आणि त्या एका नोंदीमुळे तोतया मेलही गाळणीला वळसा घालून आत येतो.