परिविक्षेतील देखरेख सेवा : एका जामीनदाराचे परीक्षण

गुन्हा शाबीत झालेल्या तरुणाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचे आणि त्याच्या वस्तीत, त्याच्या कामाच्या जागी जाऊन त्याच्यावर देखरेख ठेवायची, म्हणजेच परिविक्षेचे, काम करणाऱ्या एका सेवेचे हे परीक्षण आहे. सोलापुरात माझा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. तेथे कामाला असलेल्या एका फासेपारधी तरुणासाठी मी न्यायालयात जामीनदार राहिलो, त्यामुळे ही सेवा जवळून पाहता आली. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मी देणार नाही. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कायद्यानेच गोपनीय असतो आणि आपले शहर असे आहे की संस्था कळली, तर दोन दिवसांत तरुणही कळतो.

आधी सेवेचा आधार सांगतो. अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ प्रमाणे, ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यातील दोषी व्यक्तीला न्यायालय जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि देखरेखीचा आदेश दिला तर तो किमान एक वर्षाचा असतो. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल, तर त्याला कैदेत पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचारात घ्यावा, अशी कलम ६ ची अपेक्षा आहे. देखरेख सरकारी अधिकारीच करतो असे नाही. कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त संस्थेने पुरवलेल्या व्यक्तीचीही तरतूद आहे. पालावर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या वस्तीत, राहणाऱ्यांना सर्वांत जास्त अडवणारी अट मात्र कलम ४ मध्येच आहे: राहण्याचे निश्चित ठिकाण किंवा नियमित व्यवसाय असल्याची न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. ही अट आरोपीने किंवा त्याच्या जामीनदाराने, दोघांपैकी एकाने पुरी केली तरी चालते. सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, रेशनकार्डावरचा पत्ता दुसऱ्याच तालुक्यातला, अशा माणसासाठी या ‘किंवा’ला किती वजन आहे हे बहुतेक मालकांना ठाऊक नसते. संस्थेच्या कार्यकर्तीने ते पहिल्याच भेटीत, वकिलाच्या आधी, मला नीट समजावून सांगितले.

कार्यकर्तीचे काम हीच या सेवेची खरी जमेची बाजू आहे. चौकशीला ती कारखान्यात आली ती जेवणाच्या सुटीत, म्हणजे कोणाचा पीस रेट (नगावर मिळणारी मजुरी) बुडणार नाही अशा वेळी, आणि कटिंग टेबलापाशी स्टुलावर बसून तिने सुपरवायझरला विचारले ते प्रश्न मला आजही नेमके वाटतात. पोरगा चोरटा आहे का, असे तिने विचारले नाही. त्याने उचल (आगाऊ पैसे) घेतली होती का, किती हप्त्यांत फेडली, न सांगता किती वेळा गैरहजर राहिला, सुटी मागताना कारण सांगतो का, मशीन बिघडले तर गप्प बसतो की सांगायला येतो, हे तिने विचारले. उचल घेऊन पळून जाणारे कामगार या धंद्यात नवे नाहीत. म्हणूनच एखाद्याने उचल फेडली की नाही, यातून त्याच्या भरवशाविषयी जे कळते ते शाळेच्या दाखल्यातून कळत नाही. त्यानंतर ती पालावरही गेली. तेथे त्याच्या आजीने तिला ऐकवले, “ताई, आमच्या पोराची हजेरी तुम्ही आता लावाय लागलाव, आमची तर आज्या-पणज्यापासनं चालू हाय.”

सोलापूरकराला या वाक्याचा संदर्भ वेगळा सांगावा लागू नये. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर हजेरी लादणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ मध्ये वाढली आणि पुढे आपल्याच शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. त्या कुंपणात पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे ठेवली गेली, गिरणीत कामाला जायची मुभा मिळाली, पण हजेरी चुकली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. सेटलमेंट फ्री कॉलनीचे फलक मात्र अजून आहेत. ज्या शहराच्या पोटात हा इतिहास आहे, तेथे जमातीतल्या माणसावर देखरेख करणाऱ्या सेवेने आपली कागदपत्रे जास्त काळजीने तयार करायला हवीत, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी तिथेच आहे.

देखरेख किती कडक ठेवायची, हे ठरवण्यासाठी संस्था जोखीम मूल्यांकनाचा एक छापील अर्ज भरते. गुणांची बेरीज होते आणि बेरजेवरून कमी, मध्यम किंवा अधिक जोखीम असा शिक्का बसतो. कायमचा पत्ता आहे का, गेल्या काही वर्षांत राहण्याचे ठिकाण किती वेळा बदलले, घरातल्या कोणावर गुन्हा दाखल आहे का, ऊठबस कोणाकोणाबरोबर आहे, पहिल्यांदा पोलिसांनी ताब्यात घेतले तेव्हा वय काय होते, शिक्षण कितवीपर्यंत झाले, असे त्यातले रकाने आहेत. शहरातल्या पक्क्या घरातील मुलाच्या बाबतीत या प्रश्नांतून काही तरी हाती लागेल. पालावरच्या मुलाच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक रकान्यात गुण वाढतात आणि त्यातले बरेचसे त्याच्या वागण्यामुळे वाढत नाहीत. आमच्या तरुणाला पहिल्यांदा ताब्यात घेतले ते लहानपणी, बापाबरोबर होता म्हणून. त्याच्यावर तेव्हा ना गुन्हा दाखल झाला, ना काही सिद्ध झाले. अर्जात तरीही ‘पहिल्या अटकेचे वय’ म्हणून तेच लिहिले गेले. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याचा एकच गुन्हा शाबीत झालेला, उचल वेळेवर फेडणारा, ओव्हरलॉक मशीनवर हात बसलेला हा मुलगा ‘अधिक जोखीम’ ठरला. पोलिसांना पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलेला संशय या अर्जातून फिरून मुलाच्या नावावर गुण होऊन बसतो. कार्यकर्तीने समासात हाताने शेरा लिहिला खरा, पण शेऱ्याला गुण नसतात.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असेही नाही. कॅनडात कैद्यांची जोखीम मोजणारी जी साधने वापरली जात होती, ती आदिवासी कैद्यांच्या बाबतीतही अचूक ठरतात का, याची तेथील तुरुंग प्रशासनाने तपासणी केलेली नव्हती. प्रशासनाने कायद्याने आलेले हे कर्तव्य पाळले नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये युअर्ट खटल्यात दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंग नियमावल्यांमधील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या, आणि सराईत गुन्हेगार ठरवताना विमुक्त, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या, जमातींकडे बोट दाखवणारे उल्लेखही बाद केले. या संस्थेच्या अर्जात जातीचा रकाना नाही, हे मान्य. पण बाकीचे रकाने असे निवडले आहेत की जात न विचारताही ती बेरजेत उतरते.

या शिक्क्याचा परिणाम लगेच दिसला. अधिक जोखीम म्हणून दर आठवड्याला हजेरी, तीही कामाच्या दिवशी आणि कार्यालयीन वेळेत. अर्धा दिवस गेला की पीस रेटवरच्या कामगाराची निम्मी कमाई जाते. ज्याची जोखीम कमी त्याच्यावर जादा देखरेख लादली, तर त्याची नोकरी व घर विस्कटून उलट नुकसानच होते, हे या विषयातल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसून आलेले आहे. आणि नोकरी टिकणे हा तर जोखीम कमी करणारा मोठा घटक मानला जातो. मी लेखी अर्ज केल्यावर हजेरी संध्याकाळी, कारखान्याजवळच्या एका वाचनालयात घ्यायचे संस्थेने मान्य केले. मागणी मान्य करायला त्यांनी खळखळ केली नाही, हेही नोंदवले पाहिजे; फक्त ती जामीनदाराने करावी लागली, मुलाच्या तोंडी विनंतीला कोणी दाद दिली नव्हती.

सेवेचा खरा कस गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत लागला. यात्रेच्या गर्दीत खिसेकापू नकोत म्हणून एका पोलीस ठाण्याने पालावरची पोरे ‘खबरदारी’ म्हणून उचलली, त्यात हाही होता. चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) होणार, अशी भाषा सुरू झाली होती. कार्यकर्ती रात्री न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात गेली, हा मुलगा न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे आणि त्या दिवशीची त्याची हजेरी झालेली आहे, हे तिने नोंदवहीवरून दाखवले, आणि त्याला घेऊन आली. हजेरीची नोंद पारध्याच्या पोराच्या बाजूने साक्ष देते, हे मी प्रथमच पाहिले. एवढ्या एका कामासाठी मी या सेवेची शिफारस करायला तयार आहे.

तुलनेसाठी २०२१ मधले सोलापूर ग्रामीण पोलिसांचे ‘ऑपरेशन परिवर्तन’ आठवते. तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात हातभट्टीच्या तांड्यांवर नुसत्या धाडी घालण्याऐवजी अधिकाऱ्यांनी तांडे दत्तक घेतले आणि समुपदेशनाबरोबर पर्यायी रोजगाराचीही सोय पाहिली. तेथे रोजगार कामाच्या केंद्रस्थानी होता; या सेवेत तो मालकाच्या मर्जीवर सोडलेला आहे. मी काम बंद केले असते तर त्या मुलासाठी दुसरी जागा संस्थेकडे नव्हती. कौशल्य प्रशिक्षणाची पत्रके भिंतीवर आहेत, पण ती दहावी पास मुलांसाठी.

वस्तीतल्या वजनदार माणसांकडून मुलाविषयी मत घेण्याची पद्धत मला अर्धीमुर्धी पटली. पालावरचा वडीलधारा माणूस मुलाला ओळखतो, हे खरे. पण मत घेता घेता देखरेखच जातपंचायतीच्या हाती जाऊ नये, याची सीमा संस्थेने लेखी आखलेली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा कशासाठी आला, हे ठाऊक असणाऱ्याला ही उणीव खटकेल.

सेवा विनामूल्य आहे. माझ्या मते पाचपैकी साडेतीन गुण. कार्यकर्तीला पुरे पाच, अर्जाला एक. जामीनदार राहू इच्छिणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी बंधपत्राच्या अटींची प्रत मागून घ्यावी, हजेरीची वेळ व जागा आदेशाच्या वेळीच ठरवून घ्यावी, आणि मूल्यांकनात मालकाचे लेखी निवेदन जोडण्याचा आग्रह धरावा. मुदत संपल्यानंतरचे एक काम संस्था आपणहून करत नाही: कलम १२ प्रमाणे परिविक्षेवर सुटलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, पण हे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या वेळी दाखवायला हाती काही कागद लागतो. तसे पत्र मागितल्यावर ते मिळाले. तेव्हा शेवटच्या हजेरीच्या दिवशीच ते मागून घ्यावे.